विरळणी

मृगाच्या सरी पडल्या कीं परसांतल्या वाफ्यांत झेंडूचें बीं टाकावें, एवढें बागकाम मजसारख्या पुस्तकी माणसासही साधतें. आठवडाभरांत मुठीनें फेकलेल्या बियांचे कोंब वाफा भरून टाकतात, आणि मग प्रश्न येतो विरळणीचा. झाडाझाडांत फूटभर अंतर राखावयाचें, तर बहुतेक निरोगी रोपें उपटलीं पाहिजेत. ज्यानें पेरलें त्यानेंच उपटावें, हा कोणता न्याय?

एके वर्षीं दयाबुद्धीनें मीं एकही रोप उपटलें नाहीं. अर्धीं आपोआप सुकलीं. उरलेलीं उजेडासाठीं एकमेकांवर रेलून किडकिडीत वाढलीं, आणि दसऱ्याच्या तोरणाला फुलें बाजारांतून आणावीं लागलीं. घरांतून मिळालेला टोमणा येथें सांगत नाहीं. खरी टोचणी निराळी होती. मरण टळलें नव्हतेंच. तें मीं रोपांवर सोंपवून आपले हात तेवढे स्वच्छ राखले होते. दरसाल उत्तरपत्रिकांवर तांबडी रेघ ओढतांना न कचरणारा हा हात येथेंच कां थबकावा? कदाचित् तेथले नियम दुसऱ्या कोणी केलेले असतात म्हणून. येथें दाट पेरणारा मीच होतों.

यंदा बीं मोजून पेरलें. तरीही चार रोपें जास्त झालीं. दोन शेजारीं दिलीं. दोन उपटून त्याच वाफ्यांत गाडलीं.