पऱ्हाटीचं आवाहन

कापूस वेचून झाल्यावर रानात उरलेल्या पऱ्हाट्यांचं शिल्प वसाहतकाळातल्या व्यापाराबद्दल आणि युद्धाबद्दल काही सांगू शकेल का? हा प्रश्न वडोदऱ्यात विचारायला कारण आहे. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेतल्या यादवीने तिथला कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्या हिंदुस्थानी कापसाकडे वळल्या. त्याच वर्षांत, 1862 मध्ये, वडोदऱ्याच्या खंडेराव गायकवाडांच्या राज्यात डभोई ते मियागाम हा अरुंद रुळांचा मार्ग सुरू झाला. मुलूख काळ्या मातीचा, कापसाचा; डबे सुरुवातीला बैल ओढत. कापूस समुद्रापार गेला, काड्या इथेच राहिल्या. तरी त्या काडीला काही आठवतं, हे मला मान्य नाही. जडाला स्मृती नसते. पार्थिव गणपतीची माती प्राणप्रतिष्ठेपर्यंत मातीच असते आणि विसर्जनानंतर पुन्हा मातीच होते. इतिहासही आवाहनाशिवाय वस्तूत उतरत नाही; इथे ते आवाहन शिल्पकाराच्या श्रमांनी आणि अभ्यासाने करायचं असतं.

यावर कुणी म्हणेल, मग पऱ्हाटीच कशाला? कुठलीही वस्तू ठेवा आणि शेजारी माहितीची पाटी लावा. पण आवाहनालाही योग्य अधिष्ठान लागतं. वडोदऱ्याच्या ललितकला विद्याशाखेत शिकलेल्या मृणालिनी मुखर्जींनी (1949–2015) दोरांना गाठी मारून ‘यक्षी’, ‘वनश्री’ अशी शिल्पं उभी केली. व्यापार हा त्यांचा विषय नव्हता. तरी त्या आकृतींचं दैवी गांभीर्य दोराच्या पिळातून, वजनातून, लोंबण्यातून आलेलं आहे. ते पाटीने आलेलं नाही. पऱ्हाटीचीही अशीच पात्रता आहे. बोंडांची रिकामी टरफलं तिला धरून असतात, म्हणजे काय काढून नेलं ते तिच्या अंगावरच दिसतं. मला अधिक गंभीर वाटतो तो दुसरा आक्षेप. दालनात जिला टाकाऊ म्हणतात, ती पऱ्हाटी शेतमजुराच्या घरी सरपण असते. तिला निरुपयोगी ठरवणं हा कापसाच्या गाठी मोजणाऱ्या व्यापाऱ्याचा हिशेब आहे, आणि त्याच हिशेबावर शिल्प उभं राहिलं तर आवाहन तिथेच फसतं. म्हणून पऱ्हाट्या कुणाच्या चुलीच्या वाट्याच्या होत्या हे शिल्पकाराने विचारावं आणि त्या सरपणाचं मोल त्या घराला द्यावं. पूजेची सामग्री दुसऱ्याच्या घरातून न विचारता उचलत नाहीत.