‘अज्ञात वाहना’चा खटला

नागपूर–हैदराबाद महामार्ग वर्धा जिल्ह्यात समुद्रपूर आणि हिंगणघाट तालुक्यांतून जातो. कारंजा–तळेगावच्या पट्ट्यातून अमरावतीचा महामार्ग जातो आणि डिसेंबर २०२२ पासून समृद्धी महामार्गही या जिल्ह्यातून धावतो. समृद्धी सोडली तर या रस्त्यांना लागून शेतं आणि गावं आहेत. सायंकाळी शेतातून परतणारा माणूस त्याच डांबरावरून सायकल काढतो. त्याला उडवून गाडी निघून गेली, की दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी येतात: अज्ञात वाहनाच्या धडकेत एक ठार.

या चार ओळींनंतर काय होतं, हे फार कमी लोकांना माहीत असतं. पोलीस ठाण्यात अज्ञात चालकाविरुद्ध गुन्हा नोंदवला जातो, पंचनामा आणि शवविच्छेदन होतं. गाडीचा माग लागला नाही तर पोलीस न्यायदंडाधिकाऱ्यांकडे ‘अ समरी’ पाठवतात. म्हणजे गुन्हा खरा आहे, पण आरोपी सापडला नाही. ती मंजूर झाली की फाइल बंद. आरोपीच नाही, त्यामुळे खटलाही उभा राहत नाही. आपण मात्र वाद घालतो तो शिक्षा किती वर्षांची असावी यावर.

जुन्या भारतीय दंड संहितेच्या ३०४-अ कलमात निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास जास्तीत जास्त दोन वर्षांची शिक्षा होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(१)ने ती पाच वर्षांवर नेली. पळून जाऊन खबर न देणाऱ्यासाठी १०६(२)मध्ये दहा वर्षांची तरतूद आहे. पण जानेवारी २०२४मध्ये ट्रकचालकांनी चाकं थांबवली आणि ते उपकलम लागू करणं सरकारने लांबणीवर टाकलं. चालकांची जमावाच्या माराची भीती खोटी नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम १३४सुद्धा ती मान्य करतं: जमाव चवताळला असेल तर जखमीला उपचार मिळवून देणं शक्य नसेल, पण जवळच्या ठाण्यात शक्य तितक्या लवकर, फार तर २४ तासांत खबर द्यायलाच हवी. भीतीने पुढे जाणं आणि कायमचं गप्प बसणं यातला फरक कायद्याने कधीच आखून ठेवला आहे. तो फरक चालकांपर्यंत पोहोचवला कोणी?

गाडी सापडली तरी पुढचा प्रश्न उरतो: स्टेअरिंगवर कोण होतं? मालकाने चालकाचं नाव सांगावं असं कलम १३३ म्हणतं. पण साक्षीदाराने अंधारात फक्त दिव्यांचा झोत पाहिलेला असतो आणि वर्षं उलटली की आठवण पुसट होते. सप्टेंबर २००२च्या वांद्र्यातील अपघातात सलमान खान गाडी चालवत होता हे निःसंशय सिद्ध झालं नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१५मध्ये म्हटलं. इतक्या गाजलेल्या प्रकरणात जे निसटलं, ते गावाबाहेरच्या निर्जन रस्त्यावर सिद्ध करणं किती कठीण असेल! शिवाय प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याला स्वतःच्या अधिकारात तीन वर्षांहून अधिक कारावास देता येत नाही. म्हणून शिक्षेचा आकडा वाढल्याने तालुक्याच्या कोर्टात फारसं बदलेल, असं मला वाटत नाही. तपास सुधारला तर मात्र खूप बदलेल.

कारण भरपाईसुद्धा तपासावरच अवलंबून आहे. गाडीचा नंबर मिळाला आणि विमा असला, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात मृताचं वय, कमाई, अवलंबून असलेली माणसं पाहून रक्कम ठरते. तिथे फौजदारी खटल्याइतका कडक पुरावाही लागत नाही. नंबर मिळाला नाही, तर एप्रिल २०२२पासूनच्या योजनेत मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी पन्नास हजार रुपये, बस. पूर्वी मृत्यूसाठी पंचवीस हजार होते. टोलनाक्याचं, ढाब्याचं, पेट्रोलपंपाचं चित्रीकरण त्याच रात्री ताब्यात घेतलं की नाही, यावर एका विधवेचं पुढचं आयुष्य ठरतं. चित्रीकरण काही दिवसांत पुसलं जातं; तपासाला थांबून राहण्याची सवलत नसते.

आणि हे दोन लाखही मिळतात कुणाला? अर्ज उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदाराकडे करायचा, मंजुरी जिल्हाधिकाऱ्याने द्यायची. देशात २०२२ साली हिट अँड रनचे ६७,३८७ अपघात नोंदले गेले. २०२२-२३मध्ये भरपाईसाठी अर्ज आले फक्त २०५. सर्वोच्च न्यायालयाने १२ जानेवारी २०२४ रोजी आदेश दिला की महिनाभरात वाहनाचा तपशील मिळाला नाही, तर पोलिसांनी पीडितांना या योजनेची लेखी माहिती द्यावी.

या आदेशाला तालुक्यात दात हवेत, आणि ते द्यायला नवा कायदा लागत नाही. ‘अ समरी’ मंजुरीला येते तेव्हा न्यायदंडाधिकाऱ्यांनी तपास अधिकाऱ्याला दोनच गोष्टी विचाराव्यात: कोणकोणत्या ठिकाणचं चित्रीकरण कधी मागवलं, आणि मृताच्या घरी योजनेचं पत्र कोणत्या तारखेला पोहोचलं. पोच जोडलेली नसेल, तर समरी परत पाठवावी.