पत्ते, जागा आणि दैव

पोकरमध्ये पत्ते दैवाने येतात, पण खेळण्याचा क्रम जागेने ठरतो. मांडवीतल्या कॅसिनो जहाजावर असो वा कुठेही, टेक्सास होल्डेममध्ये पहिले ३ सामाईक पत्ते उघडल्यावर डीलर बटणावरचा खेळाडू, म्हणजे वाटणाऱ्याची जागा दाखवणारी चकती ज्याच्यापुढे असते तो, प्रत्येक फेरीत शेवटी खेळतो. इतरांनी पैसे लावले की पत्ते टाकले, हे त्याला आधीच दिसते. म्हणून पहिल्या जागेवरून टाकून द्यावी अशी गुलाम-दश्शी बटणावरून खेळता येते.

हा लाभ दैवाचा की कर्तृत्वाचा? बटण दर डावाला डावीकडे सरकते. जागा कोणी कमावत नाही आणि ती कोणाची कायम राहतही नाही. गीतेच्या १८व्या अध्यायात कर्माची ५ कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. ज्ञानेश्वरीत त्यांचे सविस्तर विवेचन आहे. दैव त्यांत पाचवे आहे, एकमेव नव्हे. जागा आपोआप मिळते. तिच्यामुळे जे कळते ते वापरणे मात्र कर्त्याचे काम.

याने जुगार निर्दोष ठरत नाही. सभापर्वात शकुनी कसबी होता, तरी द्रौपदीने विचारले ते क्रमाबद्दल: युधिष्ठिर आधी स्वतःला हरला की तिला? स्वतःला हरलेल्याला तिला पणाला लावण्याचा अधिकार उरतो का, याचा निवाडा भीष्मांनाही करता आला नाही.