सटवाईची रात्र

बाळ जन्मलं की पाचवीला पाटा-वरवंटा पुजायचा, सहाव्या रात्री सटवाईसाठी कोरा कागद आणि लेखणी मांडायची, दिवा विझू द्यायचा नाही आणि घरातल्या कुणीतरी रात्रभर जागायचं. सटवाई कपाळावर काय लिहून जाते ते आजवर कुणाला वाचता आलेलं नाही. मला या रिवाजात खरा वाटतो तो जागण्याचा भाग. सुईणीने हाताशी असेल त्या विळ्याने नाळ कापायची, आणि आठवडा उलटायच्या आत धनुर्वाताने बाळाचा जबडा आवळायचा. दूध ओढणारं पोर अचानक तोंड उघडेना झालं की जाणत्या बायका काय ते समजायच्या. देवीच्या नावाने घर जागायचं ते या धास्तीपोटी. बाळाचं नाव बाराव्या दिवसापर्यंत लांबवण्यातही हीच सावधगिरी असावी, असा माझा तर्क आहे.

जन्म पवित्र, असं आपण सहज म्हणून जातो. पण त्याच जन्माने घराला दहा दिवस सोयर लागतं, देवाला हात लावायचा नाही, बाळंतिणीला शिवायचं नाही. ती आतल्या अंधाऱ्या खोलीत, बाजेखाली शेगडी, ओव्या-शेपाची धुरी डोळ्यांत. तेवढे दिवस तिला चुलीपाशी कुणी बोलवत नसे, हा फायदा मी नाकारत नाही. अनेकींच्या वाट्याला आलेली तेवढीच काय ती विश्रांती. तरीही दाराबाहेर पेढे वाटायचे आणि जिने बाळाला जन्म दिला तिचाच विटाळ धरायचा, हे कोडं मला कधी सुटलेलं नाही.

सटवाईच्या रात्रीच्या त्या जागण्याला डोळस कुणी केलं असेल तर गडचिरोलीतल्या बायकांनी. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली तिथे ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. पुढे १९९५च्या सुमारास ३९ गावांत गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. आरोग्यदूत घरी येते, बाळाला झोळीत घालून वजन करते, अंग गार लागलं तर गुंडाळून आईच्या कुशीत देते, छातीकडे नजर लावून श्वास मोजते. मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त भरले तर धोका. ज्या गावांत हे काम नव्हतं त्यांच्याशी ताडून पाहिलं, तर तीन वर्षांत नवजात मृत्यूंचं प्रमाण साठ टक्क्यांहून अधिक घटलेलं दिसलं. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने हे १९९९ साली छापलं. आज देशभर आशाताई बाळाच्या बेचाळिसाव्या दिवसापर्यंत घरी येऊन जातात, त्यामागे ही गावं आहेत. बाळाचं स्वागत म्हणतात ते मला त्या वजनाच्या झोळीत जास्त दिसतं. फुग्यांनी सजवलेल्या हॉलमधल्या बारशात जरा कमी.

अर्थात झोळीत बाळ यायला आधी ते घराला हवं असावं लागतं. ‘पहिली बेटी धनाची पेटी’ ही म्हण प्रेमाची म्हणून सांगतात. मुलगा झाल्यावर असं समजूत घालणारं काही म्हणावं लागत नाही, हे कुणाच्या लक्षात येत नाही. गर्भलिंगनिदानाविरुद्ध पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ सालीच केला, आणि २०११च्या जनगणनेत याच राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे मुली होत्या ८९४. मुलगी जन्मू दिलीच, तर नाव ‘नकुशी’. सटवाईपुढे कागद कोरा ठेवणाऱ्या घरांनी त्या पोरीचं कपाळ स्वतःच लिहून टाकलं होतं.

सातारा जिल्ह्यात ऑक्टोबर २०११ मध्ये अशा २८५ मुलींचं समारंभाने पुन्हा बारसं झालं. त्यांत शाळेत जाणाऱ्या मुली होत्या. हजेरीच्या वेळी रोज मोठ्याने ‘नकुशी’ ऐकून ‘हजर’ म्हणणाऱ्या. या वेळी नाव आत्याने कानात सांगितलं नाही. नव्या नावाचं प्रमाणपत्र पोरींच्या हातात आलं आणि शाळेच्या दाखल्यावरचं जुनं नाव बदलायला वाट मोकळी झाली.