घाव मतावर, मुभा खुर्चीला

चौदाव्या विधानसभेत अजित पवारांनी उपमुख्यमंत्रिपदाची शपथ तीनदा घेतली. 23 नोव्हेंबर 2019 च्या भल्या सकाळी देवेंद्र फडणवीसांबरोबर, त्याच वर्षी 30 डिसेंबरला उद्धव ठाकरेंच्या मंत्रिमंडळात आणि 2 जुलै 2023 ला एकनाथ शिंदेंच्या. मधल्या पोटनिवडणुका सोडल्या तर सभागृह तेच, आमदार तेच आणि प्रत्येक वेळी प्रवक्त्यांच्या तोंडचा शब्दही तोच: जनादेश. अलीकडे या शब्दाला एक नवी पुस्ती जोडली जाते. मतदार पक्षाला मत देतो, माणसाला नाही, म्हणून पक्षादेश हाच जनादेश, असं सांगितलं जातं. मागे राहिलेले हे सांगतात आणि निघून गेलेलेही सांगतात. निघून गेलेल्यांच्या मते ते गेलेलेच नसतात. पक्ष म्हणजेच ते.

या युक्तिवादाला आपण ढोंग म्हणून हसतो. पण त्यात ढोंगापेक्षा कायदा जास्त आहे. पक्षांतराचा रोग वाढत गेला आणि कायदे त्याच्या मागे धापा टाकत धावले, ही आपल्याकडची लाडकी गोष्ट मला पटत नाही. 2022 साली शिवसेनेच्या फुटीत जे झालं ते कायदा मोडून झालं नाही, कायद्यानेच ती वाट आखून दिली होती.

एडमंड बर्क आणि त्यांचं 1774 चं ब्रिस्टॉलचं भाषण सर्वांना पाठ आहे. प्रतिनिधीने स्वतःची विवेकबुद्धी वापरावी, मतदारांचा हुकूम तामील करत बसू नये. सहा वर्षांनी त्याच ब्रिस्टॉलमध्ये बर्कना माघार घ्यावी लागली, ही गोष्ट मात्र भाषण उद्धृत करणारे सांगत नाहीत. आपल्या 1950 च्या संविधानात राजकीय पक्षांचा उल्लेखही नव्हता. आमदार मतदारसंघाचा, एवढंच गृहीत होतं. मतभेद झाला की काय करायचं याचा रिवाज माणसं आपापल्या वागण्यातून घालून देत होती. 1956 साली मुंबईच्या प्रश्नावर चिंतामणराव देशमुखांनी नेहरूंच्या मंत्रिमंडळातलं अर्थमंत्रिपद सोडलं. तेव्हाचा मतभेद खुर्ची रिकामी करून जायचा.

मग 1967 आलं, हरियाणात सारखे पक्ष बदलणारे आमदार गयालाल आले. पुढचं सांगायला नको.

त्या धामधुमीनंतर केंद्राने जी समिती नेमली, तिचे अध्यक्ष गृहमंत्री यशवंतराव चव्हाण होते. 1969 च्या या अहवालाचं नाव सगळे घेतात, तो वाचतो कोण कोणास ठाऊक. समितीने नुसती पक्षांतरं मोजली नाहीत, पक्षांतर करणाऱ्यांना पुढे काय मिळालं तेही मोजलं. 210 पक्षांतरित आमदारांपैकी 116 जण, ज्या सरकारांना त्यांनी जन्माला घातलं त्यांतच मंत्री झाले होते. म्हणजे रोग सभागृहातल्या मतात नव्हता, शपथविधीच्या मांडवात होता. समितीने औषधही तिथेच लावलं: पक्ष सोडणाऱ्याला वर्षभर, किंवा तो पुन्हा निवडून येईपर्यंत, मंत्री करू नये. मंत्रिमंडळाच्या आकारालाही मर्यादा सुचवली. आमदारकी काढून घेण्यावर मात्र समितीत एकमत झालं नाही.

1985 साली राजीव गांधींच्या सरकारने 52 वी घटनादुरुस्ती केली आणि औषध नेमकं उलट्या जागी लावलं. मंत्रिपदाला हात लावला नाही, आमदारकी धरली. त्यातही दोन वेगळ्या गोष्टी एकाच माळेत ओवल्या. स्वेच्छेने पक्ष सोडणारा अपात्र, आणि पक्षाच्या व्हीपविरुद्ध मत देणारा किंवा गैरहजर राहणाराही अपात्र. पहिला दुसऱ्याच्या घरी राहायला गेला. दुसरा घरातच राहून एखाद्या विधेयकाला नको म्हणाला. दोघांना शिक्षा सारखीच. 1990 मध्ये दिनेश गोस्वामी समितीने, पाठोपाठ सर्वोच्च न्यायालयानेही किहोटो होलोहान खटल्यात, सरकारच्या अस्तित्वाचा प्रश्न असेल तेव्हाच व्हीपचा धाक असावा अशा अर्थाचं मत दिलं. व्यवहारात कुणी ऐकलं नाही. एक खिडकी तेवढी उघडी होती: एक तृतीयांश आमदार एकत्र बाहेर पडले तर ती फूट मानली जाई आणि आमदारकी वाचे. किरकोळीला बंदी, घाऊकीला परवाना, अशी टीका मधू लिमयांनी केली होती. टीका रास्तच होती.

इथून पुढे मात्र सगळेच चुकीचं वाचतात असं मला वाटतं. 2003 च्या 91 व्या घटनादुरुस्तीने ही फुटीची खिडकी बंद केली. उत्तर प्रदेशात कल्याणसिंहांचं 93 मंत्र्यांचं सरकार लोकांनी पाहिलं होतं, त्यामुळे कायदा कडक झाला म्हणून सर्वांनी समाधानाचा सुस्कारा सोडला. उरलं ते फक्त विलीनीकरण: दोन तृतीयांश आमदारांनी दुसऱ्या पक्षात विरघळून जायचं. पण फूट काही थांबली नाही, तिला स्वतःचं नाव सांगण्याची सोय तेवढी गेली. छगन भुजबळ 1991 साली शिवसेनेतून बाहेर पडले ते या जुन्या खिडकीतून, वेगळा गट करून. धनुष्यबाण आमचाच असं म्हणण्याची त्यांना गरज पडली नाही, कारण बाहेर पडलो हे कबूल करूनही आमदारकी टिकत होती. 2003 नंतर बाहेर पडलो हे कबूल करणं म्हणजे आमदारकी जाणं. मग बंडखोराने म्हणायचं काय? एकच वाक्य शिल्लक राहतं: मीच पक्ष.

जून 2022 मधला हिशोब पाहा. शिवसेनेचे 55 आमदार, शिंदेंबरोबर 40. दोन तृतीयांशाला 37 लागतात, तेवढे होते. ते भाजपमध्ये विलीन झाले असते तर अपात्रतेचा प्रश्न बराचसा मिटला असता. गोव्यात तेच झालं: 2019 मध्ये काँग्रेसचे 15 पैकी 10, 2022 मध्ये 11 पैकी 8 आमदार भाजपमध्ये विरघळले. (त्या 2022 च्या निवडणुकीआधी काँग्रेसच्या उमेदवारांनी मंदिर, चर्च आणि दर्ग्यात पक्षनिष्ठेच्या शपथा घेतल्या होत्या, हे जाता जाता.) पण महाराष्ट्रात विरघळायचं म्हणजे बाळासाहेबांचं नाव आणि धनुष्यबाण सोडून द्यायचं. म्हणून सगळा पक्षच मागण्यात आला.

पुढे जे झालं त्यात कायद्याने स्वतःचीच शेपूट तोंडात धरली. ठाकरेंचे प्रतोद सुनील प्रभू, शिंदेंचे भरत गोगावले; दोन व्हीप, एकाच पक्षाच्या नावाने. मे 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रतोद नेमायचा तो राजकीय पक्षाने, विधिमंडळ पक्षाने नव्हे, आणि गोगावलेंना विधानसभा अध्यक्षांनी दिलेली मान्यता बेकायदा ठरवली. पण राजकीय पक्ष कुणाचा? निवडणूक आयोगाने त्याआधी फेब्रुवारीतच आमदार-खासदारांची डोकी मोजून तो शिंदेंना दिला होता. अध्यक्ष राहुल नार्वेकर जानेवारी 2024 मध्ये निकालाला बसले तेव्हा त्यांच्यापुढे शिवसेनेच्या दोन घटना होत्या, 1999 ची आणि 2018 ची. दुसरी आयोगाच्या दप्तरी नाही म्हणून बाद झाली, आणि शेवटी तेही विधिमंडळातल्या बहुमतापाशीच आले. म्हणजे आमदार पक्षाचा, कारण पक्षादेश हाच जनादेश. आणि पक्ष कुणाचा ते ठरणार आमदारांच्या मोजणीवर. या चक्रात मतदार कुठे बसतो ते कुणी दाखवून द्यावं. निकालात एकही आमदार अपात्र ठरला नाही, ना या बाजूचा ना त्या बाजूचा.

ठाकरेंचे समर्थक नाराज होतील, पण सांगायला हवं: ठाकरेंवर विश्वास उरला नाही असं म्हणण्याचा हक्क त्या 40 जणांना होता, असला पाहिजे. मुख्यमंत्र्याला पाडता न येणारी विधानसभा ही नुसती शिक्का मारणारी कचेरी. सरकार पडलं याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार 9 ऑगस्ट 2022 च्या शपथविधीबद्दल आहे, ज्यात शिंदे गटाचे नऊ जण मंत्री झाले, आणि 2 जुलै 2023 बद्दल आहे, जेव्हा अजित पवारांसह आणखी नऊ झाले. 91 व्या दुरुस्तीत चव्हाण समितीचं मंत्रिपदबंदीचं कलम आलं खरं, पण ते अपात्र ठरलेल्यांपुरतं. अपात्र कोण हे अध्यक्ष ठरवणार, आणि अध्यक्ष ज्या बहुमताने निवडला जातो ते याच आमदारांचं. 1969 च्या मूळ शिफारशीत मंत्रिपदाची बंदी अपात्रतेच्या निकालावर टांगलेली नव्हती. ती तशीच घेतली असती तर ठाकरेंचं सरकार कदाचित तरीही पडलं असतं, शिंदेही कदाचित मुख्यमंत्रिपदाचे दावेदार राहिले असते. पण वर्षभर थांबायचं नसेल तर शपथ घेण्याआधी त्यांना ठाण्यात कोपरी-पाचपाखाडीच्या मतदारांकडे आणि अजित पवारांना बारामतीच्या मतदारांकडे जावं लागलं असतं.