सुकाणूवरील रेघा
वसईतील माझा एक विद्यार्थी दुसऱ्या महायुद्धातील जर्मन लढाऊ विमानांची छायाचित्रे भिंगाखाली न्याहाळीत बसतो. मेसरश्मिटच्या सुकाणूवरील रेघा मोजून व अंगावरील चिन्हे ताडून तो वैमानिकाचे नाव सांगतो. एक रेघ म्हणजे पाडलेले एक विमान. हा व्यासंग निंद्य खास नव्हे; पण त्या रेघेआड कोण निमाला, हे तो विचारीत नाही. त्याआधीच्या महायुद्धात, १९१८ च्या जूनमध्ये, मुंबईचे श्रीकृष्ण वेलिंगकर असेच पाडले गेले व जर्मनांच्या हाती असता वारले. थडग्यावर त्यांचे नावही धड उमटले नाही. खरी ओळख पुढे शोधान्ती पटली. मग दोष शोधाला कसा द्यावा? मी ते नाव त्याला सांगितले. त्याने वहीत टिपले, रेघांच्या हिशेबाच्या मागील पानावर.