निनांवी शब्द

सही नसलेलें पत्र हातीं आलें म्हणजे सभ्य गृहस्थाच्या मनांत प्रथम तिरस्कार उत्पन्न होतो. पत्रांत काय लिहिलें आहे हें पाहण्यापूर्वीं तो पत्राचा शेवट पाहतो. आणि तेथें नांव नाहीं असें दिसलें कीं, ज्याला आपलें नांव सांगण्याचें धैर्य नाहीं त्याचें ऐकण्याचें मला कारण नाहीं, असें म्हणून तें टोपलींत टाकतो. मींही एकदां असेंच केलें आहे. एका संस्थेच्या व्यवस्थापक मंडळावर मी असतांना तेथील वसतिगृहांत मुलांना मिळणाऱ्या अन्नाविषयीं एक निनांवी तक्रार आली. तिचा विचार करण्याचें आम्हीं नाकारलें, आणि नाकारतांना आपण एक नीतितत्त्व पाळीत आहों असें समाधानही मानलें. पुढें चार महिन्यांनीं ती तक्रार अक्षरशः खरी ठरली. तेव्हांपासून एक प्रश्न माझ्या मनांत घर करून बसला आहे. शब्दाचें खरेंखोटेपण आणि बोलणाराचें नांव यांचा परस्परसंबंध काय? ज्यानें नांव लपविलें, त्यानें ऐकून घेतलें जाण्याचा हक्कही गमावला काय?

हा प्रश्न जपानच्या इतिहासांत जितक्या निरनिराळ्या रूपांनीं पुढें आला आहे, तितका दुसरीकडे क्वचितच आला असेल. मनांतील खऱ्या भावनेस ‘होन्ने’ आणि चारचौघांत धारण करावयाच्या भूमिकेस ‘तातेमाए’ असे दोन शब्द तेथील भाषेंत रूढ आहेत. आणि जपानी मनुष्य निनांवी राहून बोलणें कां पसंत करतो, असें कोणीं विचारलें कीं या दोन शब्दांकडे बोट दाखविण्याची चाल पडून गेली आहे. परंतु हें उत्तर फार सोयीचें आहे. घरांत एक आणि दारांत एक असें बोलणारीं माणसें कोणत्या देशांत नाहींत? ज्याचा उलगडा स्वभावानें होतो असें वाटतें, त्याच्या मुळाशीं पुष्कळदां कायदा आणि भय हींच असतात.

इ. स. १३३४ मध्यें क्योतो नगरांत, निजो येथील नदीकांठीं, एक उपरोधिक काव्य लिहून लावलेलें आढळलें. आदल्याच वर्षीं कामाकुरा येथील लष्करी सत्ता कोसळून सम्राट गो-दाइगो यानें राज्यसूत्रें आपल्या हातीं घेतलीं होतीं. या नव्या राजवटींत राजधानींत कोणकोणत्या गोष्टींचा सुकाळ झाला आहे, याची यादी त्या काव्यांत होती. आणि रात्रींचे छापे, दरोडे व खोटीं राजाज्ञापत्रें यांना तींत अग्रस्थान होतें. लिहिणारा कोण, हें आजतागायत कोणास कळलेलें नाहीं. दोन वर्षांनीं ती राजवटही लयास गेली. परंतु त्या वेळीं राजधानींतील माणसास तो काळ कसा भासला असेल हें जाणण्यासाठीं इतिहासकार आजही त्या निनांवी काव्याकडे वळतात. सही नव्हती म्हणून तें खोटें ठरलें नाहीं.

यानंतर जवळजवळ चारशें वर्षांनीं, १७२१ सालीं, आठवा तोकुगावा शोगुन योशिमुने यानें एदो नगरींत न्यायसभेच्या दाराशीं एक पेटी ठेवविली. तिला ‘मेयासुबाको’ म्हणत. महिन्यांतून तीन ठराविक दिवशीं ती बाहेर ठेवली जाई, सामान्य प्रजाजनांनीं तींत आपलीं गाऱ्हाणीं टाकावींत अशी आज्ञा होती, आणि कुलूप काढून तीं पत्रें शोगुन स्वतः वाचीत असे. अट एकच होती: पत्रावर नांव व ठिकाण पाहिजे, निनांवी पत्रें न वाचतां नष्ट केलीं जात. या पेटीचा उपयोग झाला नाहीं असें नाहीं. ओगावा शोसेन नांवाच्या एका वैद्यानें तींतून गरीब रोग्यांसाठीं रुग्णालय मागितलें, आणि पुढच्याच वर्षीं कोइशिकावा येथें तें सुरू झालें. नांवानिशीं बोलावें या मताच्या लोकांस याहून चांगला दाखला मिळणार नाहीं.

पण रुग्णालय मागणें निराळें आणि जुलमी अधिकाऱ्याविरुद्ध दाद मागणें निराळें. त्याच काळांत कर असह्य झालेले शेतकरी आपल्या सरदाराकडे अर्ज करीत, तेव्हां त्यांचा म्होरक्या कोण हें शोधून त्यास देहान्त शासन देण्याची वहिवाट होती. साकुरा प्रांतांतील सोगोरो या गांवप्रमुखाची कथा जपानांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. गांवकऱ्यांसाठीं त्यानें थेट वरिष्ठांकडे दाद मागितली आणि त्याबद्दल कुटुंबासह प्राण दिले, असें ती कथा सांगते. अशा स्थितींत शेतकऱ्यांनीं एक युक्ति योजिली. ते अर्जाच्या खालीं एकापुढें एक सह्या करीत नसत. उघडलेल्या छत्रीच्या काड्या मध्यापासून चोहोंकडे जाव्यात त्याप्रमाणें ते एका वर्तुळाभोंवतीं आपलीं नांवें लिहीत. प्रत्येकाचें नांव तेथें असे, पण पहिलें नांव कोणाचें हें मात्र सांगतां येत नसे. मला ही छत्री म्हणजे या सर्व विषयांतील अत्यंत बुद्धिमान अशी नैतिक कृति वाटते. जबाबदारी कोणींच टाळली नाहीं; टाळलें तें फक्त एकट्याचें बळी जाणें.

मेइजी काळांत वर्तमानपत्रें निघूं लागलीं, तेव्हां राज्यकर्त्यांना नांवाचें महत्त्व फार चांगलें उमगलें. १८७५ च्या वृत्तपत्रविषयक नियमांनीं राजकारणादि गंभीर विषयांवर लिहिणारानें आपलें खरें नांव व ठिकाण छापलेंच पाहिजे असें ठरविलें, आणि टोपणनांव हा दंडनीय गुन्हा केला. पुढच्याच वर्षीं ‘चोया शिंबुन’ या पत्राचे विनोदी लेखक नारुशिमा र्‍यूहोकु चार महिन्यांच्या तुरुंगवासास गेले. मग पत्रांनींही तोड काढली: खटला झाल्यास तुरुंगांत जाण्यासाठींच म्हणून नाममात्र संपादक पगार देऊन ठेवूं लागले! सत्यनिष्ठेसाठीं मागितलेलें नांव अशा रीतीनें बाजारांत भाड्यानें मिळूं लागलें. राज्यकर्ता सही मागतो तेव्हां ती त्यास शब्द तपासण्यासाठीं हवी कीं माणूस पकडण्यासाठीं हवी, हें आधीं पाहिलें पाहिजे.

येथवर मी निनांवी शब्दाची बाजू मांडली. परंतु त्याची दुसरी बाजू इतकी काळी आहे कीं ती झांकून ठेवणें अप्रामाणिकपणाचें होईल. १ सप्टेंबर १९२३ रोजीं तोक्यो व योकोहामा हीं नगरें भूकंपानें आणि आगीनें उद्ध्वस्त झालीं. त्या गोंधळांत, कोरियन लोक विहिरींत विष टाकीत आहेत, अशी एक वार्ता उठली. ती कोणाची, हें कोणीं विचारलें नाहीं. गांवोगांव हातीं शस्त्रें घेतलेलीं रक्षकमंडळें उभीं राहिलीं, आणि असंख्य निरपराध कोरियन माणसें रस्त्यांत मारलीं गेलीं. अफवा हा निनांवी शब्दाचा सर्वांत प्राचीन आणि सर्वांत क्रूर प्रकार होय. तथापि या प्रसंगींही दोष केवळ निनांवीपणाचा नव्हता. सरकारी खात्याच्या तारांनींही तीच वार्ता पुढें पाठविली, म्हणजे शिक्का मिळाल्यावर तिचें बळ वाढलेंच. उलट त्सुरुमी येथील पोलीस अधिकारी ओकावा त्सुनेकिची यानें शेंकडों परकीयांना आपल्या चौकींत आसरा दिला. आणि जमाव विषाची गोष्ट बोलूं लागला तेव्हां, तें पाणी आणा, मी पिऊन दाखवितों, असें म्हणून तो तें प्याला, अशी आठवण सांगतात. वार्ता कोणाची हें विचारून त्या वेळीं भागलें नसतें. ती खरी आहे कीं नाहीं, हें त्यानें पाहिलें.

महायुद्धांतील पराभवानंतर ३ मे १९४७ रोजीं अमलांत आलेल्या घटनेच्या एकविसाव्या कलमानें भाषणस्वातंत्र्य दिलें, पूर्वपरीक्षण निषिद्ध केलें आणि पत्रव्यवहाराची गुप्तता अभंग राखली. विशेष हें कीं, त्या दिवशीं स्वतः विजेत्या सैन्याचें पूर्वपरीक्षण चालूच होतें, आणि तें चालू आहे असें छापण्यासही मनाई होती. पुढें अर्ध्या शतकानें आंतरजाल आलें. १९९९ मध्यें निघालेल्या ‘नि-चॅनेल’ या सार्वजनिक फलकावर नांव न देतां लिहिणाऱ्या प्रत्येकास ‘नानाशी’ म्हणजे ‘निनांवी’ हेंच नांव मिळे. कारकुनापासून प्राध्यापकापर्यंत सारे तेथें एकाच नांवाचे! जेथें बोलतांना समोरचा वडील कीं धाकटा, वरिष्ठ कीं कनिष्ठ, हें पाहून क्रियापदाचें रूपही बदलावें लागतें, त्या समाजांत ही समता म्हणजे लहानशी क्रांतिच होती. त्याच फलकावर मालकांच्या लबाड्या उघड झाल्या, एकाकी माणसांना सोबत मिळाली, आणि तेथेंच कोरियन वंशाच्या शेजाऱ्यांविषयीं विखारही ओतला गेला.

या नव्या काळांतील दोन प्रसंग मला विशेष विचार करावयास लावतात. फेब्रुवारी १९१६ नव्हे, अगदीं अलीकडच्या २०१६ च्या फेब्रुवारींतील गोष्ट. आपल्या मुलास पाळणाघरांत जागा न मिळाल्यानें नोकरी सोडण्याची वेळ आलेल्या एका आईनें आंतरजालावर निनांवी लेख लिहिला. त्याची भाषा सभ्य नव्हती. देशास तिनें शिव्याशापच दिले होते. हा लेख संसदेंत निघाला तेव्हां, लेख निनांवी आहे, सबब तो खरा कीं खोटा हें ठरविण्यास मार्ग नाहीं, अशा अर्थाचें उत्तर पंतप्रधान आबे यांनीं दिलें. आणि लिहिणारीस पुढें आणा, अशा आरोळ्या सभागृहांत उठल्या. यावर कांहीं दिवसांतच, ती मीच, असें लिहिलेले फलक घेऊन आईबाप संसदेबाहेर उभे राहिले, आणि २७ हजारांहून अधिक सह्यांचें निवेदन मंत्र्यांच्या हातीं पडलें. एका आईनें नांव दिलें नाहीं, म्हणून हजारोंनीं आपलीं नांवें दिलीं. शेतकऱ्यांची ती जुनी छत्री पुन्हां उघडली होती.

दुसरा प्रसंग २०२० च्या मे महिन्यांतील. हाना किमुरा ही बावीस वर्षांची व्यावसायिक कुस्तीगीर एका दूरचित्रवाणी कार्यक्रमांत दिसली, आणि त्यांतील तिच्या वागण्यावरून निनांवी माणसांनीं तिच्यावर अपशब्दांचा वर्षाव केला. तिनें आपलें जीवन संपविलें. पुढें दोघांचा शोध लागला आणि प्रत्येकास ९ हजार येन दंड झाला. या शिक्षेच्या क्षुल्लकपणानें लोकांचा क्षोभ होऊन २०२२ मध्यें अपमानाच्या गुन्ह्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा तीन लाख येनपर्यंत दंड अशी तरतूद झाली. सत्ताधाऱ्यांवरील टीकेचा गळाही याच कायद्यानें दाबला जाईल, अशी भीति व्यक्त झाल्यामुळें तीन वर्षांनीं त्याचा फेरविचार करावा, असेंही कायद्यांतच घालण्यांत आलें.

दोन्हीं प्रसंगीं बोलणारे निनांवी होते आणि दोन्हीं प्रसंगीं भाषा कठोर होती. मग एकाविषयीं आपल्याला सहानुभूति आणि दुसऱ्याविषयीं संताप कां वाटतो? बलाबल उलट होतें, हें एक कारण उघड आहे. पहिल्या ठिकाणीं एक दुर्बल व्यक्ति राज्यसत्तेशीं बोलत होती. दुसऱ्या ठिकाणीं प्रत्येक जण स्वतःस क्षुद्र समजत असला तरी एका मुलीपुढें ते सारे मिळून सत्ताच झाले होते. पण मला याहून महत्त्वाचा भेद वाटतो तो असा. नांव हें शब्दाचें तारण आहे. आईचें गाऱ्हाणें तारणावांचून तपासतां येत होतें: पाळणाघरांत जागा किती आणि मुलें किती, हें सरकारच्याच वह्यांत लिहिलेलें होतें. ‘तूं मरावेंस’ या शब्दांत मात्र तपासण्यासारखें कांहींच नसतें. तो शब्द कांहीं सांगत नाहीं, केवळ घाव घालतो. आणि घाव घालणारास, मी कोण हें विचारूं नका, असें म्हणण्याचा अधिकार नाहीं. जो शब्द तपासतां येतो त्याला नांवावांचूनही ऐकावें. जो तपासतां येत नाहीं आणि दुसऱ्या माणसावर पडतो, त्याच्यामागें उत्तर देणारें कोणी तरी असलें पाहिजे.

कोणी म्हणेल, तपासतां येण्यासारखा खोटा आरोप करूनही एखाद्याचा नाश करतां येतो, त्याचें काय? आक्षेप खरा आहे. म्हणूनच निनांवी पत्र हें चौकशीचें निमित्त होऊं शकेल, पुरावा कधींही होऊं शकणार नाहीं. चौकशी आणि शिक्षा यांतील अंतर जेथें पाळलें जात नाहीं, तेथें दोष पत्राचा नसून वाचणाराचा असतो. राहिला प्रश्न नांव उघड करण्याचा. जपानांत तें काम न्यायालयामार्फत होतें, आणि २०२२ च्या ऑक्टोबरपासून त्याची रीत पूर्वीपेक्षां सुलभ झाली आहे. नांव कुलुपांत असावें आणि कारण दाखविल्यावांचून किल्ली फिरूं नये, ही व्यवस्था मला योग्य वाटते. मात्र योशिमुनेच्या पेटीची किल्ली शोगुनच्या हातीं होती. आपल्या काळीं ती ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्याच हातीं जाऊं नये, एवढें पाहिलें पाहिजे.

नांवानिशीं बोलणें श्रेष्ठ, यांत मला शंका नाहीं. पण मोठ्या माणसाच्या सहीला कांहीं किंमत पडत नाहीं आणि गरिबाच्या सहीला त्याची रोजीरोटी पडते, हें विसरून दोघांकडे सारखेंच तारण मागणें म्हणजे समता नव्हे. ज्या घरांत मुलें भिंतीवर लिहूं लागतात, त्या घरच्या वडिलांनीं हस्ताक्षर कोणाचें हें शोधण्यापूर्वीं, आपल्यासमोर येऊन बोलण्याचें धैर्य त्यांना कां होत नाहीं, याचा विचार करावा.

वसतिगृहाच्या त्या पत्राचा लेखक कोण, हें मला शेवटपर्यंत कळलें नाहीं, आणि आतां कळावें अशी इच्छाही नाहीं. तें कळण्याची गरज तेव्हांही नव्हती. दुपारच्या पंगतीला जाऊन एक घांस खाऊन पाहिला असता, तर पुरें होतें.